वजरीला वास का येतो आणि ती रबरासारखी का होते?

तुम्ही लिहिलंय ते आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक झाली असेल तर कळेल. लहानपणी बार्शीकडे आईच्या हातची वजरी, म्हणजे बोकडाचं पोट, खाल्ली. आई गेल्यावर पुण्यात तुम्ही ती दोनदा घरी करून पाहिली. पहिल्यांदा घरभर वास सुटला, दुसऱ्यांदा सहा शिट्ट्या देऊनही तुकडा तुटेना. घरातून आता ऐकावं लागतंय की हे टाकाऊ खाणं आहे, जगात आजकाल कोण खातं? आणि शेवटी तुम्ही विचारलंय की वडिलांचं युरिक अ‍ॅसिड वाढलेलं आहे, त्यांच्या ताटात वाढावी की नाही.

मी अकरा वर्षं प्रवासी जहाजांच्या भटारखान्यात काम केलं आणि गेली चौदा वर्षं साताऱ्यात खानावळ चालवतोय. बुधवारी आणि रविवारी आमच्याकडे वजरी असते. तुम्ही मसाला बदलून पाहिलात, आलं-लसूण दुप्पट केलंत, पण मला मसाल्यात दोष दिसत नाही. तुमची वेळ चुकली आहे. पहिल्या खेपेला भांडं चुलीवर चढायच्या आधीची, दुसऱ्या खेपेला चढल्यानंतरची. बोकड किती वयाचा, कापून किती तास झाले, तुमचा कुकर केवढा, यावर बरंच अवलंबून आहे. त्यामुळे मी जे आकडे देतोय ते माझ्या चुलीवरचे समजा आणि तुमच्या चुलीवर थोडे मागेपुढे करा.

आधी वासाचं बघू. शेळी, मेंढी, गाय, म्हैस ही रवंथ करणारी जनावरं. त्यांच्या पोटाचे चार कप्पे असतात आणि पहिल्या मोठ्या पिशवीत असंख्य जिवाणू चारा आंबवत असतात. जनावर कापलं म्हणून ते थांबत नाहीत. पिशवी उघडून, रिकामी करून धुवेपर्यंत आतला चारा आंबतच राहतो आणि तो वास पडद्यात मुरतो. एकदा मुरला की कितीही आलं-लसूण घाला, जात नाही. खानावळ नवी असताना एका दुपारी मी दोन वजऱ्या न उघडता पिशवीत बांधून बर्फावर ठेवल्या, संध्याकाळी धुऊ म्हणून. बाहेरून गार लागत होत्या, पण उघडल्यावर आत अजून ऊब होती. दोन्ही टाकून द्याव्या लागल्या. तेव्हापासून आमचा एकच नियम आहे: वजरी आली की आधी ती उघडून धुवायची, बाकीची कामं नंतर.

तुम्ही लिहिलंय की पहिल्या वेळी दुपारी तीनला दुकानातून आणली आणि रात्री आठला धुतली. मटण सकाळी सहाच्या आसपास कापलं असेल तर वजरी चौदा तास तशीच होती. सकाळी लवकर जा आणि खाटकाला विचारा, ‘पोट रिकामं करून धुतलंय का आणि कधी?’ चांगला खाटीक न लाजता सांगतो. तुकडे करून ठेवलेली घेऊ नका, आख्खी घ्या. आख्खी असली की रंग, वास आणि उरलेला चारा लगेच कळतो.

घरी आणल्यावर ती पिशवी उलटी करा. आतली बाजू टर्किश टॉवेलसारखी लवदार असते आणि त्या लवेवर काळपट-हिरवट पापुद्रा असतो. तो पापुद्रा म्हणजे अर्धा वास. तो काढायला पाणी गरम हवं, पण उकळतं नको. बहुतेकांचं इथेच चुकतं. उकळत्या पाण्यात टाकली की पापुद्रा शिजून घट्ट बसतो आणि मग सुरीने खरवडून हात दुखले तरी निघत नाही. पाणी इतकं तापवा की बोट बुडवल्याबरोबर चटका बसून मागे घ्यावं लागेल, पण पातेल्याच्या तळाशी बुडबुडे उठता कामा नयेत. त्यात वजरी अर्धा मिनिट बुडवा, बाहेर काढा आणि अंगठ्याने दाबून बघा. पापुद्रा सालीसारखा सुटला की बोथट सुरीने किंवा चमच्याच्या कडेने खरवडायला घ्या. सुटला नाही तर पुन्हा दहा-पंधरा सेकंद बुडवा. पहिल्या कप्प्यानंतर मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळीदार पिशवी येते, तिच्या प्रत्येक घरात चाऱ्याचे कण अडकलेले असतात. मग पुस्तकाच्या पानांसारखा कप्पा, त्याचं एकेक पान उलगडून धुवावं लागतं. घाईत हे दोन कप्पे तसेच राहतात आणि मग वास कुठून आला ते कळत नाही.

आमच्याकडे चुना वापरतात. हरभऱ्याएवढा ओला चुना वजरीला चोळायचा, दहा मिनिटं ठेवायचं आणि बुळबुळीतपणा जाईपर्यंत पाण्याने धुवायचं. चुन्याने राहिलेला पापुद्रा सैल होतो. मेक्सिकोत गेलो तेव्हा तिथे मेनुदो नावाचा वजरीचा लाल रस्सा खाल्ला. त्यात मक्याचे टपोरे दाणे असतात आणि ते दाणे चुन्याच्या पाण्यात उकळून त्यांची सालं सोडवलेली असतात. आपण चुना वजरीला लावतो, ते मक्याला लावतात. चुना नको असेल तर जाडं मीठ आणि ज्वारीचं पीठ चोळा, पीठ वास आणि चिकटा दोन्ही ओढून घेतं. त्यानंतर हळद-मीठ घातलेल्या पाण्यात दहा मिनिटं खळखळून उकळा आणि ते पाणी फेकून द्या. एवढं झाल्यावर वजरीला फक्त मांसाचा हलका वास राहतो. तो राहू द्या, तो तिचा स्वतःचा आहे.

आता दुसऱ्या खेपेचं रबर. वजरी म्हणजे स्नायूंचे थर आणि त्यांना बांधून ठेवणारं कोलॅजन. जनावर आयुष्यभर दिवसरात्र या पिशवीने चारा घुसळत असतं, म्हणून ती चिवट. कोलॅजन तापलं की आधी आक्रसतं, त्यामुळे सुरुवातीला वजरी कच्चीपेक्षाही घट्ट होते. मग बराच वेळ ओल्या उष्णतेत राहिली की तेच कोलॅजन विरघळून जिलेटिन होतं आणि तुकडा मऊ पडतो. तुम्ही सहा शिट्ट्या मोठ्या आचेवर दिल्या. त्याला फार तर पंधरा मिनिटं लागली असतील, म्हणजे नेमक्या सगळ्यात घट्ट टप्प्यावर तुम्ही गॅस बंद केलात. शिट्ट्या मोजू नका, त्या आचेवर आणि कुकरच्या आकारावर ठरतात. पहिली शिट्टी झाली की आच अगदी बारीक करा आणि घड्याळ लावा. कोवळ्या बोकडाला तीस-पस्तीस मिनिटं, जून जनावराला पन्नासपर्यंत. साध्या पातेल्यात अडीच-तीन तास धरून चाला.

झालं की नाही हे बघायची माझी रीत अशी आहे. जाड भागाचा एक तुकडा चिमटीत धरून अंगठ्याचं नख रुतवतो. नख आरपार गेलं आणि खाच तशीच राहिली तर झाली. खाच पुन्हा भरून आली तर आणखी दहा मिनिटं. दुसरी खूण रश्शाची. चमचाभर अळणी पाणी बशीत निवू द्या आणि दोन बोटांत घ्या. बोटं एकमेकांना चिकटली पाहिजेत. हे दोन्ही जमलं की मग कांदा-खोबऱ्याचं भाजलेलं वाटण, थोडे तीळ, काळा मसाला आणि वरून पंधरा मिनिटं मंद आच. तुमच्या आईच्या रश्शात जो दाटपणा होता तो खोबऱ्याचा असेल असं तुम्हाला वाटतंय. माझा अंदाज, निम्म्याहून जास्त तो वजरीनेच दिलेला असणार.

आतलं सगळं मांस एकाच रीतीने शिजवायचं ही समजूत मात्र काढून टाका. तुम्ही वजरीसोबत कलेजी आणि गुर्दा एकाच कुकरला लावलात आणि कलेजी ‘खडूसारखी’ झाली असं लिहिलंय. होणारच. कलेजीत कोलॅजन फार कमी असतं, तिला विरघळायचं काही नाही, ती नुसती सुकते. बोराएवढे तुकडे करून तव्यावर पाच-सहा मिनिटं, आतला लाल रंग जाईपर्यंत, आणि लगेच उतरवा. गुर्दा मधून चिरून आतली पांढरी नस पूर्ण काढा, लघवीचा वास तिथेच असतो, आणि तोही झटपट परता. पाय, मुंडी आणि वजरी ही सावकाश शिजणारी. कलेजी, गुर्दा, कपुरे (बोकडाचे वृषण) ही झटपट होणारी. दिल मधलं आहे, पातळ कापलं तर तव्यावर होतं, मोठं ठेवलं तर रश्शात बराच वेळ लागतो.

वजरीतही एक अपवाद आहे आणि तो मला एका सहकाऱ्याने दाखवला. तो चीनमधल्या चोंगछिंगचा. त्यांच्याकडे मिरचीच्या उकळत्या रश्शाचं भांडं मधोमध ठेवून सगळे त्यात बुडवून खातात. पुस्तकासारख्या कप्प्याची पानं ते सुटी करतात, काडीने एक पान धरतात आणि रश्शात खालीवर करतात, सात वेळा वर, आठ वेळा खाली, अशी त्यांची मोजणीच आहे. पंधराएक सेकंदांत ते पान तोंडात जातं आणि काकडीसारखं कुरकुरतं. इतकं पातळ पान आक्रसून चिवट व्हायच्या आधीच ते बाहेर काढतात. म्हणजे वजरी एकतर सेकंदांत उरका, नाहीतर पाऊण तास द्या. मधल्या पंधरा मिनिटांत ती कुठेच मऊ होत नाही, चोंगछिंगलाही नाही आणि बार्शीलाही नाही.

आता घरातल्या बोलण्याबद्दल, की जगात हे कोण खातं. जहाज इटलीत लिव्होर्नोला लागलं की तिथून फ्लोरेन्सला जाता येतं. फ्लोरेन्सच्या रस्त्यांवर लाम्प्रेदोत्तोच्या गाड्या असतात. लाम्प्रेदोत्तो म्हणजे गुराचा चौथा कप्पा, टोमॅटो, कांदा आणि पालेभाजीच्या देठांबरोबर पाण्यात शिजवलेला. गाडीवाला तो बारीक कापून पावात भरतो, हिरवी चटणी लावतो आणि पावाचा वरचा अर्धा भाग रश्शात बुडवून वर ठेवतो. माझ्या पुढे रांगेत कोट-टाय घातलेले लोक उभे होते. आपल्या पाव-रश्श्याची मला तिथे इतकी आठवण झाली की मी दुसराही मागितला.

रोममध्ये याला ‘पाचवा हिस्सा’ म्हणतात. जनावराचे चार चांगले हिस्से ऐपतवाल्यांकडे जायचे, उरलेलं म्हणजे आतडी, पोट, शेपूट, काळीज हा पाचवा. टेस्टाच्चो भागात शहराचा मोठा कत्तलखाना होता, तो १९७५ मध्ये बंद झाला. तिथल्या कामगारांना मजुरीचा काही भाग या पाचव्या हिश्श्याच्या रूपात मिळायचा आणि आसपासच्या खानावळींनी त्यातून जे पदार्थ काढले ते आज रोमची ओळख आहेत. पुदिना आणि चीज घालून टोमॅटोत शिजवलेली वजरी तिथल्या साध्या खानावळीतही मिळते आणि महागड्या जागीही. पोर्तुगालच्या पोर्तो शहरातल्या लोकांना तर ‘त्रिपेइरो’, म्हणजे वजरीवाले, असंच म्हणतात. १४१५ साली उत्तर आफ्रिकेतल्या सेउतावर स्वारीला निघालेल्या जहाजांना शहराने सगळं मांस दिलं आणि स्वतःसाठी फक्त पोटं ठेवली, अशी तिथली आख्यायिका आहे. ती सांगताना पोर्तोच्या माणसाच्या आवाजात अभिमान असतो. ते वजरीत शेंगदाण्याएवढ्या मोठ्या पांढऱ्या घेवड्याच्या बिया घालतात. हैदराबादकडे वजरीला बोटी म्हणतात, तिच्यात हरभऱ्याची डाळ पडते, तेही त्याच विचाराने. डाळ किंवा घेवडा तो चिकट रस्सा पिऊन घेतो.

इस्तंबूलमध्ये वजरीचं सूप विकणारी दुकानं रात्रभर उघडी असतात, लसूण घातलेला व्हिनेगर टेबलावर ठेवलेला असतो आणि ज्याचा तो घालून घेतो. फ्रान्समध्ये कां शहराच्या रीतीची वजरी सफरचंदाच्या दारूत तासन्‌तास शिजते आणि भांड्याचं झाकण कणकेने बंद करतात, आपण दम देतो तसं. स्कॉटलंडच्या हॅगिसमध्ये मेंढीचं दिल, काळीज आणि फुप्फुसं ओटसोबत मेंढीच्याच पोटात भरतात आणि २५ जानेवारीला कवी बर्न्सच्या जयंतीला ते मानाने वाढतात. अमेरिकेत १९७१ पासून जनावरांची फुप्फुसं खाण्यासाठी विकायला बंदी आहे, म्हणून खरा हॅगिस तिथे मिळत नाही. आणि लांब कशाला, गोव्याचं सोरपोतेल बघा. डुकराच्या मांसाबरोबर काळीज, दिल, सगळं बारीक कापून व्हिनेगरमध्ये. पोर्तुगीजांबरोबर आलेली रीत, पण मसाला गोव्याचा. नाताळाला केलेलं सोरपोतेल तिसऱ्या दिवशी जास्त चवदार लागतं.

आपल्या गावांचंही सांगायला हवं, कारण ‘टाकाऊ’ हा शब्द तिथून येतो. जत्रेला बोकड पडला की मटणाचे वाटे घालतात आणि प्रत्येक वाट्यात थोडी वजरी, थोडं काळीज असतंच. वजरी टिकत नाही म्हणून ती त्याच दिवशी आधी शिजते. तिथे ती कुणी टाकत नाही. पण गावगाड्यात अशीही घरं होती ज्यांच्या वाट्याला कधी चांगलं मांस येऊच दिलं गेलं नाही, फक्त पाय, मुंडी, आतडी, रक्त. त्यांनी त्यातून रक्ती केली, वजरी केली, जे मिळालं ते धुऊन, वाळवून, शिजवून लेकरांना वाढलं. मी जो चुना आणि ज्वारीचं पीठ वापरतो ते मला माझ्या खानावळीतल्या एका मावशींनी शिकवलं आणि त्यांना त्यांच्या सासूने. कुकिंगच्या शाळेत मला हे कुणी शिकवलं नव्हतं. या हाताला मी टाकाऊ म्हणू शकत नाही, आणि तुमच्या आईच्या हातालाही तुम्ही कुणाला म्हणू देऊ नका.

एक गोष्ट मात्र नीट बघा. काळीज किंवा फुप्फुस कापताना पाण्याने भरलेले पांढरे फोड दिसले, वाटाण्याएवढे किंवा लिंबाएवढे, तर तो अवयव घेऊ नका. हे फोड एका पट्टकृमीचे असतात. तो शेळ्यामेंढ्यांमध्ये आणि कुत्र्यांमध्ये फिरतो आणि कुत्र्याच्या विष्ठेतल्या अंड्यांतून माणसापर्यंत पोचतो. म्हणून असा तुकडा कुत्र्यालाही टाकायचा नाही, तीच त्या कृमीची वाट आहे. पुरून टाका किंवा जाळून टाका. खाटकाच्या दुकानाबाहेर कुत्री बसलेली असतात आणि त्यांना कच्चे तुकडे फेकले जातात, हे बघून मला दर वेळी वाईट वाटतं.

आता वडिलांबद्दल. मी डॉक्टर नाही, पण खानावळीत रोज हा प्रश्न येतो म्हणून जे पक्कं माहीत आहे ते सांगतो. युरिक अ‍ॅसिड वाढवणारे प्युरिन कलेजीत, गुर्द्यात आणि भेज्यात भरपूर असतात. वजरीत ते त्या मानाने कमी. त्यामुळे गाऊट, म्हणजे युरिक अ‍ॅसिडने सांधे सुजण्याचा आजार, असलेल्या गिऱ्हाइकाला मी कलेजी वाढतच नाही, मागितली तरी समजावतो. वजरीबद्दल सांगतो की डॉक्टरांना विचारून महिन्यातून एखाद्या वेळी, छोटी वाटी. पायाचा अंगठा सुजून दुखत असेल त्या आठवड्यात काहीच नको. गुराच्या १०० ग्रॅम कच्च्या वजरीत साधारण १२ ग्रॅम प्रथिनं आणि १२० मिलिग्रॅमच्या आसपास कोलेस्टेरॉल असतं, आणि चरबीच्या बाबतीत ती बरीच हलकी आहे. भेज्यात मात्र कोलेस्टेरॉल हजार मिलिग्रॅमच्याही वर जातं.

घरात कुणी गरोदर असेल तर कलेजी टाळा. आपल्याकडे रक्त वाढावं म्हणून मुद्दाम कलेजी खाऊ घालतात, तो हेतू चांगला आहे, लोह आणि बी-१२ तिच्यात खरंच भरपूर असतं. पण ‘अ’ जीवनसत्त्वही प्रचंड असतं. गुराच्या १०० ग्रॅम कलेजीत सुमारे ५,००० मायक्रोग्रॅम, आणि मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा ३,०००. जास्त झालेलं ‘अ’ पोटातल्या बाळाला घातक ठरू शकतं. बाकीच्यांनी आठवड्यातून एकदा खाल्ली तर चालते.

तेव्हा येत्या रविवारी असं करा. सकाळी सातला दुकानात जा, आख्खी वजरी घ्या, कलेजी वेगळ्या पिशवीत. घरी पोचल्याबरोबर धुवायला बसा, दीड तास हाताशी ठेवा. एकला जेवायचं असेल तर अकराला कुकर चढवा. शिट्टीनंतर बारीक आचेवर चाळीस मिनिटं, मग नखाने बघा. दुकानदाराने बोकड जून असल्याचं सांगितलं असेल तर आणखी दहा मिनिटं. वाटण त्यानंतरच घाला, आधी घातलं तर खोबरं तळाला लागतं. भाकऱ्या ज्वारीच्या, आणि कलेजी सगळे पानावर बसल्यावर तव्यावर टाका.

रस्सा उरला तर फ्रिजमध्ये तो थिजून दह्यासारखा घट्ट होईल. घाबरू नका, नीट शिजल्याची ती खूण आहे. दुसऱ्या दिवशी थोडं गरम पाणी घालून मंद आचेवर सोडवा. सोमवारी कसं झालं ते लिहा, आणि जमलं नाही तर दोन वेळा नक्की लिहा: वजरी धुतली केव्हा आणि बारीक आच किती मिनिटं होती.